आबू जेव्हा आपल्या राज्यात होता

मंडळाच्या मागच्या बैठकीला दांडिया बाजारातल्या एक काकू शाळेतला जुना नकाशासंग्रह घेऊन आल्या. पुठ्ठा निखळलेला, पानांच्या कडा कुरतडलेल्या. त्यात मुंबई राज्याचा नकाशा होता, फिकट गुलाबी रंगाचा. बडोदा गुलाबी, अहमदाबाद गुलाबी, आणि अगदी वर, बनासकांठ्याच्या डोक्यावर, आबूसुद्धा गुलाबी! आमच्यातल्या तरुण मंडळींनी छपाईतली चूक म्हणून हसून पान उलटलं. काकू हसल्या नाहीत. त्यांचे वडील मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात होते आणि बदली होऊन आबूला गेले होते. काकू स्वतः पाच वर्षांच्या असल्यापासून दहा वर्षांच्या होईपर्यंत तिथे राहिल्या. "माझा नातू म्हणतो, आजी तू लहानपणी राजस्थानात होतीस. मी राजस्थानात एक दिवस राहिलेली नाही रे बाबा. हे कुणीतरी नीट लिहून ठेवा."

म्हणून हा लेख. नकाशा बरोबर आहे आणि काकूही बरोबर आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

आबू म्हटलं की बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे नक्की तलाव, बाबागाडी आणि आबू रोड स्टेशनवरची रबडी येते. मुंबईकरांना माथेरान, पुणेकरांना महाबळेश्वर, तसं आपल्याला आबू. लग्न झालेली जोडपी तिथे, शाळेच्या सहली तिथे, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात तर अर्धी रावपुरा तिथेच भेटते. पण हे गाव नुसतं फिरायला जायचं ठिकाण नाही. पश्चिम भारतातल्या सपाटीवरच्या माणसाला डोंगराची ओळख करून देणारं ते दार आहे. गेली हजार वर्षं ते दार कुणाच्या हातात असावं यावरून काही ना काही चाललेलंच आहे. आधी ते दार कसं आहे ते बघू, मग मालकीकडे वळू. मी इंजिनिअर माणूस, वास्तूचा पाया पाहिल्याशिवाय सातबारा बघायची सवय नाही.

आबू अरवलीचाच भाग समजला जातो, पण पाहिलं तर तो अरवलीच्या मुख्य रांगेपासून सुटलेला आहे. मध्ये पश्चिम बनास नदीचं खोरं आहे. सुमारे २२ किलोमीटर लांब आणि ९ किलोमीटर रुंद असं हे उंचावरचं पठार, चहूबाजूंनी एकदम तुटलेलं. खाली आबू रोड समुद्रसपाटीपासून साधारण २६० मीटरवर, वर गाव साधारण १२०० मीटरवर. दोन्हींमध्ये २८ किलोमीटरचा रस्ता. खालचे काही किलोमीटर जवळजवळ सपाट जातात, म्हणजे खरी चढण उरलेल्या वीस-बावीस किलोमीटरमध्ये ९०० मीटरहून जास्त. सरासरी काढली तर दर बावीस-तेवीस मीटरला एक मीटर चढ. बससाठी ही चढण काही भयंकर नाही, पण बैलगाडीसाठी आहे, आणि हा रस्ता आखला गेला तेव्हा बैलगाडीचाच विचार होता.

हवेचा हिशेबही करून टाकू. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे मे महिन्यात आबू रोडला अंगाची लाही होत असताना वर सहा अंशांचा फरक मिळतो. आकडा लहान वाटतो, पण बेचाळीस आणि छत्तीस यांतला फरक ज्याने सोसलाय त्याला विचारा. हिवाळ्यात रात्री पारा कधीकधी शून्याखाली जातो आणि सकाळी गाड्यांच्या टपांवर बर्फाचा पातळ थर सापडतो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने तेरा टक्क्यांनी कमी, त्यामुळे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. आबूवर साध्या पातेल्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून माझी आई वैतागायची. दोष डाळीला द्यायची.

आता एक वाद मिटवायचा आहे. आबूचं सर्वोच्च शिखर म्हणजे गुरुशिखर, उंची १७२२ मीटर. तिथला प्रत्येक गाइड, आणि माहितीच्या कित्येक पुस्तिका, छातीठोकपणे सांगतात की हिमालय आणि निलगिरी यांच्या मधलं हे सगळ्यात उंच शिखर. हे खरं नाही. कर्नाटकात चिकमगळूरजवळचं मुळ्ळयनगिरी १९३० मीटर आहे आणि ते निलगिरीच्या बरंच उत्तरेला आहे. कुद्रेमुखही १८९० मीटरच्या वर आहे. फार तर असं म्हणता येईल की गुरुशिखर अरवलीतलं आणि राजस्थानातलं सर्वोच्च शिखर आहे. पण आपल्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना मात्र हे जरूर ऐकवा: कळसूबाई १६४६ मीटर. गुरुशिखर तिच्यापेक्षा ७६ मीटर उंच आहे. आणि शिखरावर दत्तात्रेयांचं ठिकाण आहे, त्यामुळे मराठी माणूस तिथे पोचला की परका राहत नाही. गिरनारवर दत्त, गुरुशिखरावरही दत्त. गुजरातेत राहणाऱ्या दत्तभक्त घरांमध्ये या दोन्ही वाऱ्या एकाच श्वासात सांगितल्या जातात.

दार म्हटलं म्हणजे वाट आली. आजची सगळी वाहतूक पूर्वेकडून, आबू रोडहून चढते. पण ही वाट तशी अलीकडची. आबूच्या पायथ्याशी परमार राजांची राजधानी चंद्रावती होती, आजच्या आबू रोडपासून जवळच, आणि डोंगरावर जाणारा यात्रेकरू तिथून वर चढायचा. देलवाड्याची मंदिरं त्या काळातली. पहिलं, विमलवसही, १०३१ सालचं. ते बांधणारा विमलशहा हा अणहिलवाड पाटणच्या भीमदेव सोळंकीचा मंत्री. दुसरं, लूणवसही, १२३० सालचं, वस्तुपाल-तेजपाल या वाघेलांच्या मंत्रिबंधूंचं. लोक या मंदिरांत गेले की छताची नक्षी बघून मान दुखेपर्यंत वर बघतात. मी गेलो की मला एकच प्रश्न पडतो, हा संगमरवर वर आणला कसा? आबूचा डोंगर ग्रॅनाइटचा, त्यात पांढरा संगमरवर नाही. तो आला अंबाजीजवळच्या आरासूरच्या खाणींतून. म्हणजे आधी डोंगराळ मुलखातून खाली, मग नदीचं खोरं ओलांडून, मग नऊशे मीटर उभं वर. आजच्यासारखा घाट नाही, डांबर नाही. एकेक खांब टनांच्या हिशेबात. ज्या वाटेवरून हा दगड चढवला ती वाट त्या काळची सगळ्यात मोठी बांधकामं करणाऱ्या राज्याने सांभाळलेली असणार, एवढं नक्की.

इथे बडोद्याचा एक धागा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. ज्या पाटणच्या पैशातून विमलशहाचं मंदिर उभं राहिलं, ते पाटण पुढे गायकवाडांकडे आलं. दमाजीराव गायकवाडांनी सोनगडहून आपलं ठाणं तिथे हलवलं आणि १७६८ साली त्यांचा मृत्यूही पाटणलाच झाला. तेव्हापासून १९४९ पर्यंत पाटण बडोदे संस्थानात होतं. आबू आमचा, असा दावा जेव्हा गुजरातकडून केला गेला तेव्हा त्याच्या मुळाशी हेच पाटण होतं.

मधली काही शतकं मी भराभर ओलांडतो. आबू सिरोहीच्या देवड्यांकडे गेला, राणा कुंभाने १४५२ मध्ये अचलगड बांधला, हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. आपल्या विषयाला महत्त्वाचा माणूस येतो १८२२ च्या जूनमध्ये: कर्नल जेम्स टॉड. राजस्थानच्या इतिहासासाठी प्रसिद्ध असलेला हा अधिकारी प्रकृती बिघडल्यामुळे नोकरी सोडून घरी निघाला होता. पण सरळ मुंबईला जाऊन बोटीत बसण्याऐवजी वाकडी वाट करून तो आबूवर चढला, तिथून पाटण, बडोदा, सौराष्ट्र करत मुंबईला पोचला. त्या प्रवासाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८३९ मध्ये निघालं. आबूची युरोपात ओळख झाली ती त्यामुळे. आजच्या भाषेत सांगायचं तर आबूचा पहिला पर्यटक, आणि तोही आजारी!

पुढे १८४५ मध्ये सिरोहीच्या रावांनी इंग्रजांना आबूवर आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम बांधायला जागा दिली. त्यातली एक अट मला फार बोलकी वाटते: डोंगरावर गोहत्या होता कामा नये. देलवाड्याचे यात्रेकरू आणि गोऱ्या शिपायांची छावणी एकाच पठारावर नांदवायची तर काहीतरी बंधन हवंच होतं. गावाला लागलेली ही पहिली नियमावली म्हणायला हरकत नाही. मग राजपुतान्याचा एजंट, म्हणजे सगळ्या राजपूत संस्थानांवर देखरेख करणारा इंग्रज अधिकारी, आपला मुक्काम आबूवर हलवून बसला, आणि त्याच्या मागोमाग एकेका संस्थानिकाचा बंगला उभा राहिला. १९१७ मध्ये जागेचा करार कायमचा झाला.

त्या काळात इंग्रज वर यायचे ते पश्चिमेकडून, डीसाच्या छावणीहून अनादऱ्यामार्गे. अनादऱ्याची पाऊलवाट अजून आहे, वरच्या टोकाला अनादरा पॉइंट म्हणतात. ऑगस्ट १८५७ मध्ये जोधपूर लीजनचे बंडवाले शिपाई धुक्याचा फायदा घेऊन याच वाटेने वर आले आणि त्यांनी बराकींवर गोळीबार केला. एजंटाचा मुलगा त्यात जखमी झाला. डोंगर म्हणजे सुरक्षित जागा, ही समजूत त्या पहाटे मोडली. वर यायची वाट जिच्या ताब्यात तिचाच डोंगर.

अनादऱ्याचं महत्त्व संपवलं रेल्वेने. मुंबईहून बडोद्यावरून अहमदाबादपर्यंत रुंद गेजची गाडी १८६० च्या दशकातच धावू लागली होती. त्यापुढे अजमेरकडे मीटर गेज नेली गेली आणि १८८१ पर्यंत अहमदाबाद-अजमेर जोडले गेले. वाटेत खराडी नावाच्या गावाशी स्टेशन झालं, तेच आबू रोड. डोंगराचं दार रातोरात पश्चिमेकडून पूर्वेला आलं. अनादरा ओस पडलं, खराडी वाढलं. एखाद्या गावाचं नशीब रूळ कोणत्या बाजूने टाकले यावर ठरतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

गेज बदलाचा त्रास मात्र आपल्याला शंभर वर्षांहून अधिक भोगावा लागला. बडोद्याहून आबूला जायचं म्हणजे अहमदाबादला उतरायचं, ट्रंका, वळकट्या, फिरकीचे तांबे आणि रडकी पोरं घेऊन दुसऱ्या फलाटावर धावायचं, आणि मीटर गेजच्या डुलणाऱ्या डब्यात जागा पकडायची. १९९० च्या दशकात तो मार्गही रुंद झाला आणि हे सगळं संपलं. खरं सांगायचं तर त्या डुलण्याची मला अजून आठवण येते. रुंद गेजवर झोप चांगली लागते, पण आबू रोड कधी आलं ते कळत नाही.

आता काकूंच्या गुलाबी रंगाकडे येतो.

१९४७ मध्ये इंग्रजांनी आबूची जागा सिरोहीला परत केली. पण सिरोहीचंच काय करायचं, हा प्रश्न होता. राजस्थानचे पुढारी म्हणत, सिरोही आमची. गुजरातचे पुढारी म्हणत, आबू तरी आमचा: तिथे गुजराती बोलतात, मंदिरं पाटणच्या मंत्र्यांनी बांधली, यात्रेकरू आमचे, व्यापार अहमदाबादशी. १९४९ च्या सुरुवातीला सिरोहीचा कारभार केंद्राच्या वतीने मुंबई सरकारकडे सोपवला गेला. मग जानेवारी १९५० मध्ये संस्थानाची सरळ फाळणी झाली. आबू रोड आणि देलवाडा हे तालुके, म्हणजे डोंगर आणि त्याचं दार, मुंबई राज्यात गेले, बनासकांठा जिल्ह्याला जोडले गेले. बाकीची सिरोही राजस्थानात गेली.

बडोदे संस्थान त्याआधी, १ मे १९४९ ला, मुंबई राज्यात विलीन झालेलं होतं. म्हणजे जानेवारी १९५० पासून बडोदा आणि आबू एकाच राज्यात, एकाच सचिवालयाखाली. काकूंच्या वडलांची बडोद्याहून आबूला बदली होऊ शकली ती त्यामुळे. तेव्हा ती राज्याबाहेरची बदली नव्हतीच.

सिरोहीच्या माणसांना हे पटलं नाही. गोकुळभाई भट्ट, जे सिरोहीतल्याच हाथळ गावचे आणि राजस्थान काँग्रेसचे मोठे नेते, त्यांनी आबू परत मिळावा म्हणून सतत आवाज उठवला. त्यांचं म्हणणं चुकीचं म्हणता येणार नाही. खालचे लोक सिरोहीचे, पाणी-जंगलाचे हक्क सिरोहीशी बांधलेले, आणि डोंगर तेवढा तोडून द्यायचा, हे कसं चालेल? फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर हे त्याचे सदस्य. आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि त्यात आबू रोड तालुका राजस्थानला द्यावा अशी शिफारस होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आबू राजस्थानात गेला. सहा वर्षं आणि नऊ महिने. काकूंचं आबू बरोबर तेवढंच होतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आयोगाने बरोबर केलं. हे बडोद्यात बसून लिहिणं जरा जोखमीचं आहे, पण कागद बघितल्यावर दुसरं म्हणवत नाही. पाटणच्या मंत्र्यांनी मंदिरं बांधली म्हणून डोंगर पाटणचा होत असेल, तर मग सोमनाथच्या वेळी कुणाचं काय काय झालं याचा हिशेब कुठे थांबणार? भाषेचा दावा आबू रोडच्या बाजारपेठेपुरता ठीक, पण डोंगरावरचे मूळचे रहिवासी गरासिया आणि भील. त्यांना दोन्ही बाजूंनी कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. आज आबूच्या हॉटेलांत शनिवारी-रविवारी अहमदाबाद-बडोद्याच्या गाड्यांची जी रांग लागते, तिला नुसती हवा कारण नाही. गुजरातेत दारूबंदी, राजस्थानात नाही. १९५० साली मुंबई राज्यात जी दारूबंदी होती तीच पुढे १९६० मध्ये गुजरातकडे आली. आबू आपल्याकडे राहिला असता तर तिथेही दारूबंदी आली असती, आणि आजचं अर्धं माउंट आबू कदाचित उभंच राहिलं नसतं. आपल्याला न मिळाल्यामुळेच तो आपल्या लोकांनी इतका भरला. यावर हसावं की नाही, ठरवता येत नाही.

मालकी गेली, तरी दार बंद झालं नाही. गुजरात राज्याची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आजही माउंट आबूवर आहे. राजस्थानच्या जमिनीवर गुजरात सरकारची संस्था, आणि तिथे शिकायला येणारी मुलं सुरत, बडोदा, भावनगर, दाहोदची. सपाटीवरच्या माणसाला डोर बांधायला शिकवायचं तर जवळचा योग्य डोंगर हाच, हे राज्याच्या सीमा बदलून बदलत नाही. दुसरं केंद्र जुनागडला, गिरनारपाशी आहे.

का योग्य, ते सांगतो. सह्याद्रीत चढलेल्यांना माहीत आहे की आपला तिकडचा दगड बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक, म्हणून उभे कडे, मध्येच गवताळ पट्टे, आणि हात घालाल तो दगड सुटून हातात येण्याची भीती. आबूचा ग्रॅनाइट वेगळा. तो जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, त्यामुळे दाणा जाड आणि पृष्ठभाग खरखरीत. बुटाचा तळ त्यावर घट्ट बसतो. वरचं ओझं झिजून कमी झालं की हा दगड कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून मोठमोठे गोल धोंडे आणि गुळगुळीत उतार तयार होतात. नक्कीवरचा बेडकासारखा दिसणारा टोड रॉक हा त्यातलाच. भेगा सरळ आणि लांब असतात. नवशिक्याला भेगेत हात कसा रोवायचा, दोन भिंतींमध्ये पाठ आणि पाय लावून चिमणी कशी चढायची, उतारावर वजन पायांवर ठेवून हातांनी फक्त तोल कसा सांभाळायचा, हे सगळं एका डोंगरावर शिकवता येतं.

मी स्वतः १९८० च्या दशकाच्या शेवटी, कलाभवनात इंजिनिअरिंगला असताना, डिसेंबरात आबूवर प्रस्तरारोहणाचं शिबिर केलं. कुणाच्या शिबिरात, ते लिहीत नाही. पहिले दोन दिवस फक्त गाठी. आठाची गाठ, बोलाइन, क्लोव्ह हिच. बोटं थंडीने बधिर, आणि शिकवणारे म्हणायचे, डोळे मिटून बांधा. तिसऱ्या दिवशी दोरावर. शिकवलेलं एकच सूत्र अजून डोक्यात आहे: दोन हात दोन पाय मिळून चार आधार, त्यातले तीन कायम दगडावर, एका वेळी हलवायचा तो एकच. चौथ्या दिवशी माझा दोर धरणारा माझाच वर्गमित्र गप्पांत रंगला आणि मी घसरलो तेव्हा दोर ढिला होता. चार-पाच फूट खाली आलो, कोपर आणि गुडघा सोलवटला. फार काही झालं नाही. पण दोर धरणाऱ्याचं लक्ष म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पुढे कारखान्यात उंचावरच्या कामाचे परवाने सही करायला लागलो तेव्हा प्रत्येक सहीला ते कोपर आठवायचं.

शिबिरात सामान वाहायला गरासियांची दोन पोरं होती. आम्ही दोर, कॅराबिनर, हेल्मेट अशा जामानिम्यात ज्या दगडावर तासभर झगडत होतो, त्यावर ती अनवाणी चढून, वर बसून बोरं खात आमच्याकडे बघत होती.

आबू मात्र हिमालय नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. इथे डोर आणि दगड शिकता येतो, विरळ हवा नाही. गावात हवेचा दाब तेरा टक्क्यांनी कमी, गुरुशिखरावर एकोणीस टक्क्यांनी. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, तो पस्तीस टक्क्यांनी कमी असतो, आणि डोकं दुखणं, ओकाऱ्या, झोप न येणं हे सगळं साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतं. म्हणून आबूवर शिकलेला मुलगा पुढे मनालीच्या, उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या संस्थेत जातो. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ च्या नोव्हेंबरात निघाली, एव्हरेस्ट सर झाल्याच्या पुढच्याच वर्षी, आणि तिच्या मैदानी प्रशिक्षणाची सूत्रं तेनसिंग यांच्याकडे होती. दार्जिलिंग २००० मीटरच्या वर, खरी हिमालयाची देवडी. आबू म्हणजे त्या देवडीच्याही आधीचं अंगण.

काकूंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट इथे बसते. त्यांच्या लहानपणी आबूवर पोलिसांचं मोठं प्रशिक्षण केंद्र होतं, आणि पहाटे तरुण अधिकारी डोंगरावर पळताना दिसायचे. ते बरोबर आहे: आजची राष्ट्रीय पोलीस अकादमी १९४८ मध्ये आबूवरच सुरू झाली आणि १९७५ मध्ये हैदराबादला हलली. तर सांगायचं म्हणजे आबूचं दार नुसतं सहलीचं कधीच नव्हतं. गुरुशिखराजवळ अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. हवेत बाष्प कमी असलं की अवरक्त किरण खालपर्यंत पोचतात, म्हणून १.२ मीटर व्यासाची दुर्बीण तिथे बसवली. २०१८ मध्ये त्याच दुर्बिणीने सूर्याबाहेरच्या एका ताऱ्याभोवतीचा ग्रह निश्चित केला. तीही गुजरातेतली संस्था, तोच डोंगर.

आजचं आबू बघून मन थोडं खट्टू होतं. १९६० पासून हे अभयारण्य आहे, २००९ मध्ये भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, बांधकामावर कडक बंधनं आली. हेतू चांगला, पण वर राहणाऱ्याला घराचं गळकं छप्पर बदलायचं तरी खेटे घालावे लागतात आणि पाहुण्यांची संख्या मात्र कमी होत नाही. पठार बावीस बाय नऊ किलोमीटरचं, पाणी पावसाचं आणि साठवलेलं. बैलगाडीसाठी आखलेल्या घाटात दिवाळीला तासन्‌तास गाड्या अडकतात.

तुम्हाला जायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत, मधल्या वारी जा. अनादऱ्याची जुनी वाट पायी उतरायची असेल तर स्थानिक माणूस सोबत घ्या. अस्वलं आहेत, आणि ती पहाटे-संध्याकाळी वाटेवर येतात. वाटेत जुन्या फरसबंदीचे तुकडे दिसतात, त्यांवर हात ठेवून बघा.

काकूंचा नकाशासंग्रह आम्ही बांधणीला दिला आहे. त्यातलं मुंबई राज्याचं पान स्कॅन करून मंडळाच्या संग्रहात ठेवलंय, आणि एक छापील प्रत त्यांच्या नातवाला दिली आहे. १९५० ते १९५६ दरम्यानची आबूची पत्रं, बदलीचे हुकूम, शाळेचे दाखले किंवा फोटो कुणाच्या घरी असतील तर पुढच्या बैठकीला घेऊन या. काकू येणार आहेत. फोटोतल्या जागा ओळखायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.